टाळ्या कोणासाठी?

चित्रगृहात पडद्याकडे पाहून टाळ्या वाजविणारे प्रेक्षक आपल्याला नवे नाहीत. आवडता नट पडद्यावर अवतरला की टाळ्याच काय, शिट्ट्याही होतात, आणि क्वचित नाणीही उधळली जातात. परंतु आपली टाळी त्या नटाच्या कानी पडावी अशी वाजविणाऱ्याचीही अपेक्षा नसते. तो त्याच्या स्वतःच्या आनंदाचा उद्गार असतो, इतकेच. आज ज्या टाळ्यांविषयी लिहावयाचे आहे त्या निराळ्या आहेत. त्या वाजविणाऱ्यांना पुरते ठाऊक होते, की पडद्यावर दिसणारी गायिका या क्षणी, येथून तासाभराच्या वाटेवर, खरोखरच रंगमंचावर उभी आहे, तिचा ऊर अजून धपापतो आहे. आणि तरीही आपली टाळी तिच्यापर्यंत पोहोचणार नाही.

२०१९ च्या मे महिन्यात मी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात माझ्या भाचीकडे राहावयास गेलो होतो. ११ तारखेला शनिवार होता. सकाळीच ती म्हणाली, "मामा, आज तुम्हांला ऑपेरा दाखवते. न्यूयॉर्कला जायचं नाही हं; इथे बाजारातल्या सिनेमागृहातच येतो तो." ऑपेरा 'येतो' हे क्रियापद ऐकून मला मौज वाटली. आपल्याकडे गावात सर्कस येते, नाटकमंडळी येते, तशी एखादी मंडळी उतरली असेल अशी माझी समजूत झाली. प्रत्यक्षात मंडळी आपल्या जागेवरून हललीच नव्हती. आला होता तो केवळ तिचा आवाज आणि तिचे चित्र, उपग्रहाच्या मार्गाने.

ज्या वाचकांना ऑपेरा हा नुसता ऐकीव शब्द आहे त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. आपल्या संगीत नाटकात गद्य संवाद चालू असतात आणि मधून मधून पदे येतात. ऑपेरात बहुधा सारेच गाऊन बोलतात. धनी नोकराला दार उघडावयास सांगतो तेही सुरात. साथीला ऑर्गन-तबला नव्हे, तर साठ-सत्तर वाद्यांचा ताफा असतो. आणि एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी: गायकापुढे ध्वनिक्षेपक नसतो. त्या साठ-सत्तर वाद्यांच्या वरून, नुसत्या छातीच्या आणि तालमीच्या बळावर, त्याने आपला सूर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवावयाचा असतो. गोमंतकीय वाचकांना तर हा प्रकार सर्वस्वी परका म्हणता येणार नाही. मुंबईत आलेल्या एका इटालियन ऑपेरा मंडळीच्या खेळांवरूनच लुकासिन्हो रिबेरो यांना स्फूर्ती झाली आणि १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत 'इटालियन भुर्गो' हा त्यांचा कोकणी खेळ रंगभूमीवर आला. पहिला तियात्र म्हणून आजही त्याचेच नाव घेतात.

ऑपेरा नाट्यगृहाच्या भिंतींबाहेर नेण्याची खटपटही जुनी आहे. १८८१ साली पॅरिस येथील विद्युत्-प्रदर्शनात लोक रांगा लावून उभे राहत, टेलिफोनची दोन टोके दोन कानांना लावीत, आणि दूर नाट्यगृहात चाललेले गाणे ऐकत. न्यूयॉर्कची मेट्रोपॉलिटन ऑपेरा ही संस्था १८८३ मध्ये सुरू झाली. तिला सारे 'मेट' म्हणतात. तिने १९३१ च्या नाताळच्या दिवशी 'हान्सेल उंड ग्रेटेल' हा प्रयोग नभोवाणीवरून ऐकविला, आणि तेव्हापासून शनिवारी दुपारी मेटचा प्रयोग नभोवाणीवर लावणे हा अमेरिकेतील कितीतरी घरांचा परिपाठ होऊन बसला. पुढे ११ डिसेंबर १९५२ रोजी एक साहस झाले. 'कार्मेन'चा चालू प्रयोग २७ शहरांतील ३१ चित्रगृहांत पडद्यावर दाखविण्यात आला. कार्मेनच्या भूमिकेत रीझ स्टीव्हन्स होत्या. चित्र कृष्णधवल होते, आणि त्या काळच्या यंत्रसामग्रीच्या मानाने ही उडी मोठीच होती. तिची परंपरा मात्र पडली नाही.

परंपरा पडली ती चोपन्न वर्षांनी. पीटर गेल्ब हे मेटचे नवे व्यवस्थापक झाले आणि ३० डिसेंबर २००६ रोजी मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट'चा मुलाबाळांसाठी आटोपशीर केलेला इंग्रजी प्रयोग त्यांनी चित्रगृहांतून थेट दाखविला. काही वर्षांतच सत्तरांच्या आसपास देशांतील सुमारे दोन हजार चित्रगृहांपर्यंत हा व्याप पसरला. शनिवारी दुपारी एक वाजता न्यूयॉर्कमध्ये पडदा वर जातो तेव्हा कॅलिफोर्नियात सकाळचे दहा वाजलेले असतात, लंडनमध्ये सायंकाळचे सहा, आणि आपल्याकडे ऋतुमानाप्रमाणे रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा. मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये या प्रयोगांची मुद्रणे मागाहून दाखविली गेली आहेत. तीही पाहण्याजोगीच, परंतु मुद्रणात सर्व काही सुखरूप पार पडले आहे हे आपल्याला आधीच ठाऊक असते, आणि त्यामुळे काय उणे होते ते पुढे सांगतो.

मुंबईवरून आठवले. चित्रगृह आणि ऑपेरा यांचा संबंध त्या नगरीने उलट्या दिशेने अनुभवला आहे. गिरगावाजवळच्या रॉयल ऑपेरा हाऊसचे उद्‌घाटन १९११ मध्ये पंचम जॉर्ज बादशहाने केले. परंतु ऑपेराला पुरेसा आश्रय मिळेना, आणि १९३० नंतरच्या दशकात ती वास्तू सिनेमाची झाली. बोलपट सरले, एकेपडदा चित्रगृहांचे दिवसही फिरले, आणि अखेर दारांना कुलपे लागली. पुष्कळ वर्षांच्या दुरुस्तीनंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये ती दारे पुन्हा उघडली, तेव्हा मुंबईत जन्मलेल्या पॅट्रिशिया रोझारिओ यांचे गायन तेथे झाले. तेथे ऑपेराचे घर सिनेमाने घेतले होते. न्यू जर्सीत मी पाहिले ते सिनेमाचे घर एका दुपारपुरते ऑपेराला उसने मिळाल्याचे दृश्य.

दालन लहानसे, दीडशे खुर्च्यांचे. बहुतेक डोकी पांढरी. कोणी थर्मास आणला होता, कोणी घरून पावाचे तुकडे बांधून आणले होते. एका जोडप्याच्या मांडीवर तर स्वरलिपीचे जाडजूड पुस्तक उघडलेले होते. मक्याच्या लाह्यांचा वास मात्र नेहमीचाच. तो वास आणि पुढे ऐकावयाचे दुःखान्त संगीत यांचा मेळ मला अखेरपर्यंत बसविता आला नाही.

माझ्या शेजारी काठी घेतलेल्या एक वृद्ध बाई बसल्या होत्या. मी नवखा आहे हे ओळखून त्यांनी आपण होऊन बोलणे काढले. पूर्वी त्या वर्षातून चार-पाच वेळा बसने न्यूयॉर्कला जात. मेटच्या सभागृहात सुमारे ३,८०० आसने आहेत. अगदी वरच्या, स्वस्त सज्जाला 'फॅमिली सर्कल' असे नाव आहे (आमच्या या कौटुंबिक पानाला साजेसेच म्हणावयाचे), आणि त्यांची बैठक नेहमी तेथेच. "तिथून आवाज स्वच्छ येतो," त्या म्हणाल्या, "पण माणसं तांदळाच्या दाण्याएवढी दिसतात." पुढे गुडघे गेले, यजमान गेले, बस बंद पडली. तेव्हापासून शनिवारची ही खुर्ची. तिकीट वीस-पंचवीस डॉलरांचे. न्यूयॉर्कच्या बऱ्या आसनाला याच्या कितीतरी पट पडतात.

मी विचारले, "घरी दूरचित्रवाणीवर पाहता येत नाही का?"

"येतं की. पण ५ एप्रिल २०१४ ला मी घरी असते तर?" असे म्हणून त्यांनी एक हकीगत सांगितली. ती मेटच्या इतिहासात नोंदलेलीच आहे. आदल्या रात्री लाटव्हियाच्या क्रिस्तीने ओपोलाइस यांनी तेथे प्रथमच 'मादाम बटरफ्लाय'ची अवघड भूमिका केली होती. शनिवारी दुपारी 'ला बोएम'चा प्रयोग थेट चित्रगृहांत जावयाचा होता, आणि त्यातील मिमीची भूमिका करणारी गायिका सकाळी आजारी पडली. साडेसातच्या सुमारास ओपोलाइस यांना झोपेतून उठवून विचारण्यात आले, आज दुपारी मिमी गाल का? त्यांनी आधी नाही म्हटले आणि मग होकार दिला. गेल्ब यांनी स्वतः पडद्यापुढे येऊन प्रेक्षकांना ही गोष्ट सांगितली. मेटमध्ये अठरा तासांच्या आत दोन नव्या भूमिकांत उभी राहणारी ती पहिलीच गायिका. "आम्ही इथे, याच रांगेत, जीव मुठीत धरून बसलो होतो," बाई म्हणाल्या. "ती चुकली असती तर आमच्या डोळ्यांदेखत चुकली असती."

थेट प्रक्षेपणाचे मर्म मला त्या एका वाक्यात सापडले. जे अजून बिघडू शकते ते पाहताना माणूस निराळ्या रीतीने बसतो. पाठ खुर्चीला टेकत नाही.

त्या दिवशीचा खेळ होता फ्रान्सिस पुलँक यांचा 'डायलॉग्स ऑफ द कार्मेलाइट्स'. आमच्या वाचकांना त्याचे कथानक जवळचे वाटेल. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात काँपिएन येथील कार्मेल मठातील सोळा जणींना, आपले व्रत सोडीत नाहीत या कारणास्तव, पॅरिसला नेऊन १७ जुलै १७९४ रोजी गिलोटिनवर चढविण्यात आले. त्यानंतर दहाच दिवसांनी रोबेस्पिएरची सत्ता कोसळली. पायस दहावे यांनी १९०६ मध्ये त्यांना धन्यवादित घोषित केले, आणि पोप फ्रान्सिस यांनी १८ डिसेंबर २०२४ रोजी संतमालिकेत घेतले. मठातील मारी नावाची एक भगिनी वाचली. तिने लिहून ठेवलेल्या वृत्तान्तामुळे ही कथा जगाला कळली. पुढे गेरट्रूड फॉन ल फोर यांनी त्यावर जर्मन कथा लिहिली, तीत ब्लांश नावाची एक अतिशय भित्री मुलगी कल्पनेने घातली. जॉर्ज बेर्नानोस यांनी मृत्यूपूर्वी त्या कथेचे संवाद लिहिले, आणि त्या संवादांवर पुलँक यांनी ऑपेरा रचला. २६ जानेवारी १९५७ रोजी मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात त्याचा पहिला प्रयोग झाला तो इटालियन भाषेत, कारण शब्द ऐकणाऱ्याला कळले पाहिजेत असा पुलँक यांचा आग्रह होता. त्याच आग्रहाला मान देऊन मेटने १९७७ मध्ये तो इंग्रजीत केला. मी पाहिला तो मूळ फ्रेंचमध्ये होता. अर्थ पडद्याच्या तळाशी इंग्रजीत उमटत होता. जे दुसऱ्या कोणत्याही ऑपेरात सोयीचे ते येथे आवश्यकच म्हणावे लागेल, कारण नावाप्रमाणेच हा संवादांचा खेळ आहे.

जॉन डेक्स्टर यांनी १९७७ मध्ये बसविलेली मांडणीच अजून चालू होती. रंगमंचाची फरशी क्रूसाच्या आकाराची, आणि आरंभी तिच्यावर सर्व भगिनी हात पसरून पालथ्या पडलेल्या. याहून अधिक देखावा जवळजवळ नाहीच. ब्लांशच्या भूमिकेत इझाबेल लेनर्ड होत्या, वाद्यवृंदाचे संचालन यानिक नेझे-सेगाँ यांच्याकडे होते, आणि वृद्ध मठमातेची भूमिका करिता मात्तिला यांनी केली.

या मठमातेच्या मरणाचा प्रवेश आला तेव्हा चित्रगृहाचा लाभ काय तो मला कळला. तीस वर्षे मृत्यूचे चिंतन केलेली ही साध्वी प्रत्यक्ष मृत्यू समोर येताच भयाने तडफडते, आपल्या देवाविषयी नको ते बोलून जाते. कॅमेरा तिच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर आणल्यासारखा होता. कपाळावरचा घाम, ओठांची थरथर, सूर उचलण्यापूर्वी ताणलेली मान, सारे दिसत होते. वरच्या सज्जात बसून हे कोणाला दिसले नसते. नंतर लहान भगिनी कॉन्स्टन्स जेव्हा भोळेपणाने म्हणते, की तिला कदाचित दुसऱ्याच कोणाचे मरण चुकून मिळाले असेल, तेव्हा तो चेहरा अजून डोळ्यांपुढे असल्यामुळे ते बोलणे बालिश वाटत नाही.

मध्यंतरात तर मेटच्या सभागृहातील श्रोत्यांना जे कधीच दिसत नाही ते आम्हांला दिसले. पडद्यामागे सुतार-हमाल देखावे हलवीत आहेत, कोणी दोर ओढीत आहे, आणि आताच गाऊन आलेली गायिका घाम पुशीत मुलाखतीला उभी. मला हा प्रकार थोडासा खटकला. नुकतेच मेलेले माणूस हसत हसत आपल्या मावशीला नमस्कार पाठविते हे पाहून प्रवेशाचा ठसा पुसट होतो. आमच्या शेजारीणबाईंना मात्र तेच सर्वांत आवडे.

जे हरवते तेही सांगितले पाहिजे. मी आरंभी ध्वनिक्षेपकाची गोष्ट ध्यानात ठेवावयास सांगितली ती याचसाठी. सभागृहात गाणाऱ्याचा सूर हवेतून, दुसऱ्या कशाचीही मदत न घेता, ऐकणाऱ्यापर्यंत येतो. एखादा आवाज लहान, एखादा प्रचंड, हा भेद अंगाला जाणवतो. चित्रगृहात सर्व आवाज कर्ण्यांतून एकाच मापाने येतात. बैठकीत दोन हातांवर बसून ऐकलेला गवई आणि त्याचीच ध्वनिमुद्रिका यांत जो फरक, तोच येथे. शिवाय आपण काय पाहावयाचे हे आपण ठरवीत नाही. दहाच्या वर कॅमेरे लावलेले असतात आणि नाट्यगृहाबाहेरच्या गाडीत बसलेला दिग्दर्शक क्षणाक्षणाला त्यांतून निवड करतो. मला कोपऱ्यात उभ्या असलेल्या ब्लांशकडे पाहावयाचे होते. त्याने मला मठमाता दाखविली. त्याचे बरोबरही असेल. पण माझी नजर माझी राहिली नाही.

आणखी एक आक्षेप घेतला जातो तो अधिक गंभीर आहे: इतक्या स्वस्तात मेट दारी आल्यावर लहान शहरांतील ऑपेरा मंडळ्यांकडे कोण फिरकणार? मेटलाही याची जाणीव असावी. दर मध्यंतरात निवेदिका बजावून सांगतात, की प्रत्यक्ष प्रयोगाची सर पडद्याला नाही, तेव्हा मेटला या, किंवा आपल्या जवळच्या ऑपेरा मंडळीकडे जा. विक्रेत्यानेच आपला माल दुय्यम आहे असे सांगावे, असा हा विलक्षण व्यापार! ज्याच्या गावात मंडळी आहे आणि पायांत बळ आहे त्याने तो उपदेश मानावा असे मलाही वाटते. नवे गायक त्या लहान मंडळ्यांतच तयार होतात. त्या बुडाल्या तर दहा-वीस वर्षांनी मेटला पडद्यावर दाखवावयास तरी कोण उरेल? पण शेजारच्या बाईंना मी तो उपदेश करू शकलो नसतो. त्यांच्यापुढे निवड प्रत्यक्ष प्रयोग आणि पडदा यांत नव्हती. पडदा आणि काहीच नाही यांत होती.

शेवटचा प्रवेश. भगिनी एकेक करून वधस्थानाकडे निघतात आणि 'साल्वे रेजिना' गाऊ लागतात. रोझरीच्या अखेरीस आपण म्हणतो तीच राणीमातेची प्रार्थना, लॅटिनमध्ये. मधूनच पाते कोसळल्याचा आवाज होतो आणि एक कंठ थांबतो. पुलँक यांनी ते आघात तालात बसविलेले नाहीत. ते केव्हा येतील याचा अंदाज बांधता येत नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी छाती दचकते. पंधरा, चौदा, तेरा कंठ. मग पाच, मग दोन, मग एकटी कॉन्स्टन्स. इतक्यात, पळून गेलेली ती भित्री ब्लांश गर्दीतून पुढे येते. कॉन्स्टन्स तिला पाहते. तिचाही सूर तुटतो. मग ब्लांश 'वेनी क्रेआतोर'चे अखेरचे चरण गात पुढे जाते, तेही मध्येच थांबतात, आणि गर्दी पांगते.

आमच्या दालनात कोणी हलले नाही. लाह्यांचे पुडे वाजेनासे झाले होते. पडद्यावर मेटमधील श्रोते उठून उभे राहिले, त्यांचा कल्लोळ कर्ण्यांतून आमच्यावर येऊन आदळला, तरी आमच्याकडे शांतताच. मग शेजारीणबाईंनी काठी खुर्चीला टेकवून ठेवली आणि टाळ्या वाजविण्यास सुरुवात केली. पाठोपाठ स्वरलिपीवाले जोडपे, माझी भाची, आणि काही वेळाने मी. मात्तिला पुढे येऊन लवून नमस्कार करीत होत्या. तो नमस्कार आमच्यासाठी नव्हता आणि आमच्या टाळ्या त्यांच्यासाठी नव्हत्या, असे कोणी म्हणेल. मी बाईंना विचारले देखील, "त्यांना ऐकू जात नाही ना?"

"नाही हो," त्या म्हणाल्या. "पण तुम्हांला गेली ना?"

पुढच्याच वर्षी साथ आली. १२ मार्च २०२० रोजी मेटचे दार बंद झाले, आणि १६ मार्चपासून जुन्या प्रक्षेपणांपैकी एक रोज रात्री घरबसल्या विनामूल्य पाहता येऊ लागले. भाचीने सुरुवातीला पुष्कळ पाहिली. तिने पत्रात लिहिले, की पहिल्या आठवड्यात ती रोज बसली, दुसऱ्यात मध्ये मध्ये उठू लागली, तिसऱ्यात भाजी चिरता चिरता ऐकू लागली. आणि एकदाही टाळी वाजवावीशी वाटली नाही.

९ ऑक्टोबर २०२१ रोजी 'बोरिस गोदुनॉव्ह'ने चित्रगृहांतील शनिवार पुन्हा सुरू झाला. भाची गेली. निम्म्याहून अधिक खुर्च्या रिकाम्या होत्या आणि आजीबाईंची जागाही रिकामी होती. तिला चैन पडेना. पण त्यांचे नावही आम्ही कधी विचारले नव्हते, मग चौकशी कोणाकडे करणार? दोन आठवड्यांनी दुसऱ्या खेळाला ती पुन्हा गेली, तो बाई आपल्या रांगेत हजर. काठीच्या जागी चाकांचा आधार आणि दोन्ही कानांत नवीन श्रवणयंत्रे. त्यांनी तिला ओळखले आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, की त्या दिवशी सर्वांत शेवटी टाळ्या वाजविणारे तुझे मामा पुन्हा कधी येणार आहेत?